दोन लॅपटॉपमधला कुठला घेऊ? आधी बघा, नंतर काय बदलता येत नाही

परवा आतेबहिणीने दोन स्क्रीनशॉट पाठवले आणि खाली फक्त एवढंच, "दादा, यातला कुठला?" दोन लॅपटॉप होते, एक काळा, एक चंदेरी, किंमत जवळपास सारखीच, दोन्हीवर रायझन ५ (एएमडी कंपनीचा प्रोसेसर) लिहिलेलं, दोन्हीत ५१२ जीबीची एसएसडी. काळ्यात रॅम १६ जीबी आणि स्क्रीन मोठी, १५.६ इंचाची. चंदेरीत रॅम ८ जीबी आणि स्क्रीन १४ इंची. आता हे वाचून कुणीही सांगेल की काळा घे, डबल रॅम मिळतेय, मोठी स्क्रीन मिळतेय, विचार कसला करायचा. तिने पण मनात तेच ठरवलेलं होतं, मला फक्त हो म्हणायचं होतं.

मी नाही म्हणालो. का, ते तिला फोनवर सांगता सांगता पाऊण तास गेला, म्हणून म्हटलं लिहूनच काढू. कामं तिची अगदी रोजची, म्हणजे ब्राउझर, ऑफिसच्या फाइली, व्हिडिओ कॉल, संध्याकाळी काहीतरी बघणं, क्वचित फोटो जरा नीट करणं. गेम नाही, व्हिडिओ एडिटिंग नाही. ज्यांना ते करायचंय त्यांचा हिशोब वेगळा.

मी लॅपटॉप बघताना मनात दोन रकाने करतो. एकात ज्या गोष्टी नंतर बदलता येतात त्या, दुसऱ्यात ज्या येत नाहीत त्या. प्रोसेसर बदलता येत नाही, स्क्रीन बदलणं सहसा परवडत नाही, बॅटरी नवी टाकली तरी तेवढ्याच साइजची बसते, कीबोर्ड आहे तोच, वजन आहे तेच. रॅम आणि एसएसडी मात्र बऱ्याच मशीनमध्ये वाढवता येते. आणि गंमत बघा, जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात काय असतं, तर रॅम आणि एसएसडी. म्हणजे जे नंतर सुधारता येतं ते ठळक आणि ज्याच्याबरोबर पाच वर्षं काढायचीत ते खाली बारीक अक्षरात.

आता प्रोसेसर. दोन्हीवर रायझन ५ होतं ना, पण पुढचा आकडा काळ्यावर ७५२०यू आणि चंदेरीवर ७५३०यू. एका आकड्याचा फरक, कोण लक्ष देतं. पण एएमडीने २०२३ च्या लॅपटॉप चिपना नावं देताना एक पद्धत ठरवली होती, ती माहीत असली की हे नाव चक्क वाचता येतं. पहिला आकडा वर्षाचा, ७ म्हणजे २०२३. दुसरा म्हणजे चिप कुठल्या पायरीवरची आहे ते. तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, आतलं डिझाइन कुठल्या पिढीचं आहे ते तो सांगतो. २ असेल तर झेन २, ३ असेल तर झेन ३, ४ असेल तर झेन ४. झेन २ हे डिझाइन २०१९ मधलं आणि झेन ३ हे २०२० च्या शेवटचं. म्हणजे काळ्यातली चिप नावाने २०२३ ची असली तरी डिझाइन २०१९ चं, त्यात कोअर (म्हणजे एकाच वेळी वेगवेगळी कामं करणारे चिपमधले मेंदू) ४. चंदेरीत कोअर ६ आणि एक पिढी पुढचं डिझाइन. तेच चित्राच्या बाबतीत, काळ्यातल्या चिपमध्ये ग्राफिक्सचे भाग २ आणि चंदेरीत ७. स्टिकर दोन्हीवर सेम, रायझन ५. बहीण म्हणाली ही तर फसवणूकच आहे, मी म्हटलं अगं फसवणूक नाही, सगळं लिहिलेलं आहे, फक्त कळू नये अशा पद्धतीने लिहिलेलं आहे.

इंटेलचं पण काही वेगळं नाही. तिकडे लोक आय३, आय५, आय७ एवढंच बघतात. खरं बघायचं असतं पुढच्या आकड्याकडे. आय५-१३३५यू असेल तर १३ म्हणजे तेरावी पिढी, आणि शेवटचं यू म्हणजे कमी वीज खाणारी, रोजच्या कामाची चिप. तिथे एच असेल तर ती जास्त वीज खाते, जास्त तापते, पण जोर जास्त. पिढीचा फरक किती पडतो त्याचं माझं आवडतं उदाहरण सांगतो. सातव्या पिढीच्या आय७-७५००यू मध्ये कोअर २ होते, आणि पुढच्याच वर्षी आलेल्या आठव्या पिढीच्या आय५-८२५०यू मध्ये ४. म्हणजे नवा आय५ जुन्या आय७ च्या डबल कोअरचा, आणि तरीही सेकंडहँड घेताना लोक "आय७ आहे हो" म्हणून जुना उचलून आणतात. वर त्या सातव्या पिढीवर विंडोज ११ अधिकृतपणे चालतच नाही, एखादा अपवाद सोडला तर, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. २०२३ च्या डिसेंबरपासून इंटेलने कोअर अल्ट्रा ही नावं आणली आणि तो 'आय' काढून टाकला, एएमडीने पण मग परत नावं बदलली, त्यामुळे पाठांतर करण्यात अर्थ नाही. पूर्ण नंबर सर्च करायचा आणि तीन गोष्टी बघायच्या, कोअर किती, डिझाइन कुठल्या सालचं, आणि यू की एच. पाच मिनिटांचं काम आहे.

बरं, एवढं सगळं सांगून वर हेही सांगतो की मेल लिहिताना किंवा पिक्चर बघताना या दोन चिपमधला फरक फारसा जाणवणार नाही. जाणवतो कधी, तर व्हिडिओ कॉल चालू, स्क्रीन शेअर केलेली, मागे वीस टॅब आणि तेवढ्यात विंडोजने स्वतःचं अपडेट काढलं, अशा वेळी. आणि तिसऱ्या चौथ्या वर्षी, जेव्हा सगळे अ‍ॅप अजून जड झालेले असतात. चार कोअरवाला तिथे आधी दमतो.

आता रॅम, कारण तिचा सगळा जीव त्या १६ मध्ये अडकलेला. रॅम म्हणजे चालू काम पसरायचं टेबल आणि एसएसडी म्हणजे सगळं साठवायचं कपाट हे उदाहरण सगळ्यांनी शंभरदा ऐकलंय, ते बरोबरच आहे, पण टेबल भरलं की होतं काय ते कुणी सांगत नाही. विंडोज आधी रॅममधला काही भाग दाबून कमी जागेत बसवतं, मग तेवढ्याने भागेना की ज्याला बराच वेळ हात लागला नाही ते सामान उचलून एसएसडीवर ठेवतं, आणि तुम्ही त्या टॅबवर परत गेलात की तिथून आणतं. एसएसडी कितीही फास्ट असली तरी रॅमपेक्षा खूपच हळू, म्हणून तो क्षणभराचा अटका येतो, टॅबवर क्लिक केलं आणि पांढरं पान दिसतंय, दिसतंय, मग आलं. लॅपटॉप हँग होतोय म्हणतात ते बऱ्याचदा हेच.

तुम्हाला किती लागते ते दुसऱ्याला विचारायची गरजच नाही. सध्याच्या मशीनवर नेहमीचं सगळं उघडा, अगदी रोज असतं तसं, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर येतो, त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. किती वापरली जातेय तो आकडा समोर असतो. बहिणीचा आला ६.९ जीबी, आणि तिच्या जुन्या मशीनमध्ये एकूण ८. म्हणजे ८ मध्ये ती अगदी काठावर आहे. शिवाय या दोन्ही लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सला वेगळी मेमरी नाही, ते रॅममधूनच थोडी मागून घेतं. तेव्हा १६ पाहिजेच, यावर आमचं एकमत.

पण १६ आत्ताच पाहिजे का नंतर करता येईल, हा खरा प्रश्न आहे. काळ्यात रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडून टाकलेली आहे, १६ आहे ती १६ च राहणार, कधीही. चंदेरीत ८ बोर्डावर आणि एक स्लॉट रिकामा, त्यात ८ ची अजून एक पट्टी टाकली की झाले १६. आणि इथे एक बोनस मिळतो. डीडीआर४ ची ३२०० वाली रॅम (चंदेरीतली याच प्रकारची) एका चॅनेलवर, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या एका रस्त्यावर, सेकंदाला साधारण २५ जीबी डेटा देते, दोन चॅनेल चालू झाले की ५१. म्हणजे ती पट्टी टाकल्यावर फक्त जागा वाढत नाही, रस्ता पण डबल रुंद होतो, आणि याचा सगळ्यात जास्त फायदा त्या ग्राफिक्सला होतो कारण ते याच रस्त्यावरून जात येत असतं. म्हणजे उलट बघितलं तर फक्त बोर्डावरची ८ ठेवून चंदेरी वापरत राहिलं तर तो अर्ध्या रस्त्यावरच चालणार. पट्टी टाकायचीच, आज ना उद्या असं नाही, पहिल्याच महिन्यात.

इथे एक मोठ्ठा पण आहे. चंदेरीत स्लॉट नसता, म्हणजे ८ जीबी सोल्डर केलेली आणि पुढे काहीच नाही असं असतं, तर मी डोळे मिटून काळा घे म्हणालो असतो, त्याचा तो जुन्या डिझाइनचा प्रोसेसर आणि सगळं धरून. चांगल्या प्रोसेसरला कायमची ८ जीबी रॅम म्हणजे पाय बांधून पळायला लावणं. त्यामुळे सगळा निकाल एका स्लॉटवर अडकलेला आहे, आणि तो स्लॉट आहे की नाही हे जाहिरातीत लिहिलेलं नसतंच. कंपनीच्या साइटवर मॉडेलची पूर्ण स्पेसिफिकेशन शीट असते त्यात मेमरीच्या ओळीत सोल्डर्ड की स्लॉट ते दिलेलं असतं, किंवा सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर उत्तमच. एकाच नावाच्या लॅपटॉपचे चार चार प्रकार असतात, तेव्हा मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवायचा.

एसएसडीबद्दल फार नाही सांगत. दोन्हीत एनव्हीएमई, म्हणजे फास्ट प्रकारची आहे, झालं. तिची पिढी जेन ३ का जेन ४ यावर लोक भांडतात, रोजच्या कामात काडीचा फरक कळत नाही. फक्त ईएमएमसी (स्वस्तातलं, हळू स्टोरेज) लिहिलेलं असेल तर लांब राहा. आणि ५१२ घेतली आणि मशीनमध्ये ४७६ दिसतेय म्हणून घाबरू नका, बनवणारे १००० च्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या, तेवढाच तो घोळ.

आता स्क्रीन, आणि इथे मी जरा जास्त बोलणारे कारण दिवसाचे आठ तास बघायचं तिलाच असतं आणि लोक फक्त इंच विचारतात. इंच म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरकी लांबी. काळा १५.६ इंच पण आकार १६:९, रुंद पट्ट्यासारखा, १९२० बाय १०८०. चंदेरी १४ इंच पण आकार १६:१०, म्हणजे जरा उंच, १९२० बाय १२००. आता उंची काढा, काळ्याची येते साधारण १९.४ सेंटिमीटर, चंदेरीची १८.८. अर्ध्या सेंटिमीटरच्या वर जेमतेम जातो फरक! मोठ्या स्क्रीनची सगळी जास्तीची जागा रुंदीत गेलीये, जिथे वेबपेज उघडलं की दोन्हीकडे पांढरं मोकळं सोडलेलं असतं. उलट चंदेरीत १२० ओळी पिक्सेल जास्त, त्यामुळे लेख, मेल, एक्सेलच्या ओळी जास्त दिसतात. हां, अक्षरं तेवढी बारीक दिसतात, ज्यांना चष्मा लावूनही त्रास होतो त्यांनी सेटिंगमध्ये स्केल वाढवावं, पण मग त्या जास्तीच्या ओळींचा फायदा बराचसा जातो. माझ्या आईसाठी घेताना मी १५.६ च घेतला होता, त्याचा पश्चात्ताप नाही.

उजेड निट्समध्ये मोजतात. काळा २५०, चंदेरी ३००. खोलीत २५० पुरतात, खिडकीजवळ बसलात की स्वतःचाच चेहरा दिसायला लागतो. ३०० पण काही फार नाहीत, ४०० असते तर मी खूश झालो असतो. रंगांचं मात्र खरं रहस्य आहे. काळ्याच्या शीटमध्ये लिहिलंय ४५% एनटीएससी. एनटीएससी म्हणजे १९५३ सालचं अमेरिकन रंगीत टीव्हीचं माप, अजून तेच वापरतात. आजचं वेब आणि फोटो ज्या एसआरजीबी मापावर चालतात ते याच्या साधारण ७२% येतं. म्हणजे ४५% वाली स्क्रीन जेवढे रंग दाखवायला पाहिजेत त्यातले ढोबळमानाने साठ-पासष्ट टक्केच दाखवते, लाल रंग विटकरी दिसतो, फोटोतले चेहरे धुतल्यासारखे. फोनवर छान दिसणारा फोटो लॅपटॉपवर फिका का दिसतो, तर हे कारण. चंदेरीवर लिहिलंय १००% एसआरजीबी. फोटो नीट करायचेत म्हणाली होती ना ती, मग तर प्रश्नच मिटला. पिक्चर बघतानाही हाच फरक रोज दिसणार, प्रोसेसरचा दिसो न दिसो.

बॅटरीत कंपनी तास सांगते, तो आकडा सरळ विसरा. तो बहुतेक वेळा उजेड कमी करून एकच व्हिडिओ चालवत ठेवून काढलेला असतो. बघायचं ते वॅट-अवर, म्हणजे बॅटरीत वीज किती मावते ते. काळ्यात ४२, चंदेरीत ५६. हलक्या कामात असा लॅपटॉप सरासरी ८ वॅट खातो असं धरलं तर ४२ भागिले ८, सव्वापाच तास, आणि ५६ भागिले ८, सात तास. व्हिडिओ कॉल चालू असेल तर वॅट वाढतात आणि दोन्ही आकडे धाडकन खाली येतात. शिवाय बॅटरी म्हातारी होते. दोन अडीच वर्षांनी ती ८०% वर आली असं समजलं तर काळ्याचे राहतात चार तास आणि थोडे, चंदेरीचे साडेपाच. म्हणजे म्हातारा चंदेरी हा नव्या काळ्यापेक्षा जास्त चालेल. माझ्या जुन्या लॅपटॉपची अवस्था बघायची म्हणून मी एकदा रिपोर्ट काढला (कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट, सगळं इंग्रजी अक्षरात टाइप करायचं, एक फाइल तयार होते), त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता दोन्ही असतात, माझी निम्म्याच्या जवळ आली होती आणि मी बिचाऱ्या विंडोजला शिव्या देत बसलो होतो. सेकंडहँड घेताना हा रिपोर्ट मागाच. आणि दिवसभर प्लगलाच लावून ठेवणार असाल तर ८०% वर चार्जिंग थांबवायची सेटिंग बऱ्याच मशीनमध्ये असते, ती चालू करा.

चार्जरवरून आठवलं, काळ्याला गोल पिनचा चार्जर आहे, आणि त्याचं यूएसबी-सी पोर्ट फक्त डेटासाठी. चंदेरी यूएसबी-सी वर ६५ वॅटने चार्ज होतो, म्हणजे घरातला तेवढ्या ताकदीचा कुठलाही बरा पीडी (पॉवर डिलिव्हरी लिहिलेला यूएसबी-सी) चार्जर चालतो, आणि त्याच पोर्टातून बाहेरचा मॉनिटरपण लागतो. दिसायला दोन्ही पोर्ट अगदी सारखे हं, तो लांबट गोल खड्डा. शेजारी काही चिन्ह छापलेलं असलं तर कळतं, पण छापतातच असं नाही, तेव्हा परत तीच स्पेसिफिकेशन शीट.

एक गोष्ट शीटमध्ये कुठेच मिळत नाही, ती म्हणजे गरम किती होतो आणि पंखा किती ओरडतो. सेम प्रोसेसर दोन वेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगळा पळतो कारण एका कंपनीने त्याला १५ वॅट दिलेत आणि दुसरीने जाड हीटसिंक (उष्णता बाहेर काढणारा धातूचा भाग) घालून २५ दिलेत. याला रिव्ह्यू बघण्याशिवाय उपाय नाही, आणि रिव्ह्यूमध्येसुद्धा पहिली दहा मिनिटं डबा उघडणं चालतं ते सोडून तापमानाचा भाग शोधायचा.

कीबोर्डचं माझं स्वतःचं एक खुसपट आहे. १५.६ इंचीत बहुतेक वेळा उजवीकडे नंबरपॅड असतो, त्यामुळे अक्षरांच्या कळा आणि टचपॅड डावीकडे सरकतात आणि माणूस स्क्रीनच्या मध्याच्या जरा डावीकडे बसून मान किंचित उजवीकडे ठेवून काम करतो. हिशोबाचं काम करणाऱ्याला नंबरपॅडशिवाय चालत नाही हे मान्य, त्याने काळाच घ्यावा. बाकीच्यांना तो चार वर्षं नुसता मधे येतो.

मग तिने विचारलं, मॅकबुक का नको? नको असं नाही. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये अ‍ॅपलची स्वतःची एम१ चिप आल्यापासून मॅकबुक एअरला पंखाच नाही, आवाज शून्य, बॅटरी जोरदार, आणि ऑक्टोबर २०२४ पासून विकत असलेल्या एअरमध्ये सुरुवातच १६ जीबीपासून होते. पण माझ्या दोन रकान्यांत टाकलं तर मॅकचं सगळंच 'बदलता येत नाही'मध्ये जातं, रॅम आणि एसएसडी दोन्ही, घेताना जे घेतलं तेच शेवटपर्यंत. आणि तिच्या ऑफिसचं एक सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, त्यामुळे विषय तिथेच संपला. त्याच कारणाने स्नॅपड्रॅगनवाले (इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या जातीची चिप असलेले) विंडोज लॅपटॉप पण बाद केले, बॅटरीला मस्त असतात पण जुना प्रिंटर किंवा ऑफिसचं जुनं सॉफ्टवेअर अडून बसू शकतं, आधी तपासल्याशिवाय घेऊ नये.

तर सांगितलं तिला, चंदेरी, पण स्लॉटची खात्री झाल्यावरच. तिने दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मॅन्युअलचं पान पाठवलं, त्यात स्लॉट दिसत होता, आणि मागचं झाकण कसं उघडायचं तेही. पट्टी पण मागवून टाकली लगेच. मी म्हटलं अगं थांब, आधी आठवडाभर तशीच वापर, सगळ्या कळा, कॅमेरा, दोन्ही स्पीकर, स्क्रीनवर एखादा मेलेला ठिपका हे सगळं बघून घे, परत करायची वेळ आली तर उघडलेलं मशीन द्यायला नको. आणि झाकणाचे स्क्रू काढशील तेव्हा आधी फोटो काढ, त्या पानावर बघ, पुढचे तीन आखूड आहेत आणि मागचे लांब.